जुन्या बोट ट्रेलरचे सर्ज ब्रेक दुरुस्त करावेत की काढूनच टाकावेत?

काढू नका. तुमची एकोणीस फुटी बोट, इंजिन, भरलेली टाकी आणि खुद्द ट्रेलर मिळून वजन सहज ३००० पौंडांच्या वर जातं, आणि अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत तेवढ्या वजनाला ट्रेलरचे ब्रेक सक्तीचे आहेत. विकणारा तुम्हाला म्हणाला की तो कित्येक वर्षं ब्रेकशिवायच ओढत होता. खोटं बोलत नसेल तो. एवढ्या वर्षांत त्याच्यापुढे कोणी अचानक थांबलं नाही, इतकंच.

मी मिशिगनमध्ये राहतो. माझाही ट्रेलर नव्वदच्या दशकातला, दोन ॲक्सलचा, आणि तुमच्यासारखेच ब्रेक एकाच ॲक्सलला. बोट जाते लेक सेंट क्लेअरच्या गोड्या पाण्यात, तरी ब्रेक पार सडले होते. आधीच्या मालकाने ट्रेलर हिवाळाभर रस्त्याच्या कडेला उभा ठेवलेला. बर्फावर टाकलेल्या मिठाने जे करायचं ते केलं.

तुम्ही लिहिलंय, गाडीचा ब्रेक मारला की पुढे ‘धाड’ असा आवाज होतो आणि ट्रेलर गाडीला ढकलतच राहतो. या आवाजातच निम्मं उत्तर आहे. सर्ज ब्रेकला गाडीतून कोणी हुकूम देत नाही. गाडी मंदावली की ट्रेलर स्वतःच्या वजनाने पुढे रेटतो, कपलरचा (ट्रेलर गाडीला अडकवणाऱ्या पुढच्या जोडाचा) सरकता भाग त्याच्या खोक्यात आत जातो, तिथला पुशरॉड म्हणजे दांडी मास्टर सिलिंडर, म्हणजे ब्रेक ऑइलचा पंप, दाबते आणि ब्रेक ऑइलचा दाब चाकांपर्यंत पोचतो. तुमचा कपलर शेवटपर्यंत जाऊन आदळतोय. म्हणजे पुढे त्याला अडवणारा दाबच नाही: ऑइल संपलंय, लाइनमध्ये हवा आहे, किंवा ब्रेक शूवरचे लायनर, म्हणजे घासणारे थर, इतके झिजलेत की शू चाकासोबत फिरणाऱ्या ड्रमपर्यंत पोचत नाहीत. खोक्यातला डॅम्पर (धक्का शोषणारा भाग) गेला तरी आदळआपट होते, पण तेव्हा ब्रेक थोडेफार लागतात. आवाज नसता आणि ब्रेकही नसते, तर मी आधी रिव्हर्ससाठी लावलेली लॉकआउट पिन (मागे जाताना ब्रेक लागू नयेत म्हणून कपलर अडवणारी) कोणी तशीच विसरलंय का ते बघायला सांगितलं असतं.

आता माझा गाढवपणा. मी पुढून सुरुवात केली. मास्टर सिलिंडर समोर दिसतो, चार बोल्टांत निघतो, म्हणून नवा आणून बसवला. ऑइल भरलं, स्क्रूड्रायव्हरने पुशरॉड चार-पाच वेळा दाबला, हाताला छान कडकपणा लागायला लागला, आणि मग एकदम सगळं ढिलं. वाकून बघितलं तर फ्रेमच्या क्लिपखाली स्टीलची लाइन फुटून ऑइल ठिबकत होतं. कित्येक वर्षांनी तिला पहिल्यांदाच खरा दाब मिळाला आणि गंजलेल्या जागी तिने जीव सोडला. लाइन बदलली, तर आठवड्याने एक व्हील सिलिंडर (चाकातला, शू ढकलणारा) गळायला लागला. म्हणून सांगतो, चाकांकडून सुरू करा आणि पुढे या.

ट्रेलर सपाट जागी, गाडीला जोडलेला, दुसऱ्या बाजूच्या चाकांना लाकडी ठोकळे, आणि जॅकवर भरवसा न ठेवता खाली स्टँड. डस्ट कॅप, कॉटर पिन, नट काढलं की हबसकट (चाकाच्या मधल्या भागासकट) ड्रम निघायला हवा. माझा निघेना. ड्रमच्या आत झिजेची कड तयार होते आणि शू तिच्यामागे अडकतात. मागच्या प्लेटच्या फटीतून स्क्रूड्रायव्हर घालून ॲडजस्टरचं (शू ड्रमच्या जवळ-लांब करणारं) दातेरी चाक उलटं फिरवलं, कडेवर हातोडीने ठोकलं, तेव्हा कुठे हलला. आत एका शूचं लायनर अख्खं सुटून खाली पडलं होतं, मधल्या गंजाने फुगवून उचकटलेलं. व्हील सिलिंडरचे पिस्टन जाम होऊन दगड झालेले. आतली धूळ हवेने उडवू नका, जुन्या लायनरात ॲस्बेस्टॉस असू शकतं. क्लीनरने ओली करून पुसा.

अशा वेळी सुटे शू, सुटे सिलिंडर आणि स्प्रिंगांचं किट घेत बसू नका. मागच्या प्लेटसकट अख्खी असेंब्ली मिळते, बोल्ट काढले की जुनी खाली आणि नवी वर. फक्त तीन गोष्टी बघून घ्या: ड्रमचं माप (३५०० पौंडांच्या ॲक्सलला सहसा १० इंची), डावी-उजवी वेगळी असते, आणि ती ‘फ्री बॅकिंग’ हवी, म्हणजे मागे जाताना ब्रेक न धरणारी. साधी घेतलीत तर रॅम्पवर बोट उलटी नेताना ट्रेलर स्वतःचेच ब्रेक लावून बसेल. ड्रम हातात आहे तोवर बेअरिंगमध्ये मरीन ग्रीस भरा आणि ऑइल सील नवंच घाला.

मग लाइन. निकेल-कॉपरची नळी घ्या. हाताने वळते, गंजत नाही. टोकांना डबल फ्लेअर (दुहेरी दुमडून पसरवलेलं तोंड) लागतो. जमत नसेल तर तयार तुकडे मिळतात. रबरी होज वरून ठणठणीत दिसला तरी बदला. तो आतून फुगतो, ऑइल जाऊ देतो पण परत येऊ देत नाही, आणि मग ते चाक तापत राहतं.

हे झाल्यावर मास्टर सिलिंडर. ड्रमसाठीचाच मागा; डिस्कचा वेगळा असतो, कारण ड्रमच्या लाइनमध्ये थोडा दाब कायम राखावा लागतो. ऑइल डॉट ३ किंवा डॉट ४, सीलबंद डब्यातलं. डॉट ५ नाही, ते सिलिकॉनचं असतं, यात मिसळत नाही.

लाइनमधली हवा काढण्याआधी शू ॲडजस्ट करा: चाक अडेपर्यंत घट्ट, मग हलकंसं घासत फिरेल इतकं सैल. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून लांबचं चाक आधी. बायको पुढे पुशरॉड दाबायला, मी मागे चाकापाशी, हवा सोडायच्या ब्लीडर निपलजवळ. मी ‘दाब’ म्हटलं की तिने दाबून धरायचं, मी निपल उघडून बंद करायचं, आणि मी ‘सोड’ म्हणेपर्यंत तिने सोडायचं नाही. ती एकदा लवकर सोडून बसली आणि अर्ध्या तासाची मेहनत हवेत गेली, शब्दशः. मास्टर सिलिंडरच्या टाकीतलं ऑइल मधून मधून बघत राहा. ती रिकामी झाली की हवा पुन्हा आत.

शेवटी ब्रेकअवे केबल. ट्रेलर सुटला तर ती ओढली जाऊन ब्रेक लागलेलेच राहतात. जुन्या ट्रेलरवर तिचा लीव्हर कधी कधी अर्धवट ओढलेला सापडतो, तो पूर्ण मोकळा आहे ना बघा.

पहिली फेरी मोकळ्या पार्किंगमध्ये. मग दहा मैल जा, थांबा, चारही हबजवळ हात नेऊन बघा, चिकटवू नका. ब्रेकवाली दोन चाकं सारखीच कोमट हवीत. एकच भाजत असेल तर त्या बाजूचा ॲडजस्टर सैल करा. चाकांचे नट पन्नास मैलांनी पुन्हा टॉर्क पान्याने बघा. ॲक्च्युएटरवर, म्हणजे कपलरच्या त्या खोक्यावर, मॉडेल नंबर ठोकलेला असतो. तारेच्या ब्रशने घासून वाचता आला तर कळवा, मास्टर सिलिंडर कोणता लागेल ते सांगतो.