घरातली न वाचलेली पुस्तकं : कुठून सुरुवात करू?

प्रश्न : मी नौपाड्यात राहतो. बँकेतून निवृत्त झालो आहे. नोकरीभर ठाणे ते व्हीटी लोकलने गेलो आणि वाचन बरंचसं गाडीतच झालं. त्यामुळे हातात मावणारी पुस्तकं वाचली गेली, जाडजूड कपाटातच राहिली. २०१० साली ठाण्यात साहित्य संमेलन भरलं होतं, तेव्हा ग्रंथप्रदर्शनातून पिशव्या भरून आणल्या. त्यातली अर्धीअधिक पुस्तकं अजून उघडलेलीही नाहीत. आता आमची इमारत पुनर्विकासाला जाते आहे. नवी जागा मिळेपर्यंत कोलशेतला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचं आहे. मी असं ठरवलंय : नवं पुस्तक घ्यायचं नाही, मराठी ग्रंथसंग्रहालयाचं सभासदत्व थांबवायचं, आणि पहिल्या पानावर खरेदीची तारीख घालायची मला सवय आहे, त्या तारखांच्या क्रमाने आठवड्याला एक पुस्तक संपवायचं. सूनबाई म्हणते, ‘बाबा, निम्मी देऊन टाका.’ दिवाळीनंतर माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. ताई, बेत बरोबर आहे का? आणि सुरू केलेलं पुस्तक संपवायलाच हवं का?

– एक वाचक, ठाणे

उत्तर : तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. मी ग्रंथालयात देवघेवीच्या टेबलाशी बरीच वर्षं काढली. ‘निवृत्त झाल्यावर वाचू’ म्हणून बाजूला ठेवलेली पुस्तकं खरोखर हातात घेणारे वाचक तिथे मी पाहिले आहेत, आणि ते सगळ्यात मनापासून वाचतात. पण तारखेचा क्रम मला अजिबात पटत नाही. तो लावलात तर वर्षानुवर्षांपूर्वीच्या तुमच्या आवडीच्या मागे आज चालावं लागेल. त्यापेक्षा कपाटासमोर उभं राहून एकेक पुस्तक हातात घ्या, मधलीच दोन-चार पानं वाचा. ज्यात मान खाली गेली आणि वेळेचं भान सुटलं, ते पहिलं.

आठवड्याला एक, हेही सोडा. रोज तीस पानं वाचलीत तर नऊशे पानांच्या चरित्राला महिना लागतो, आणि तो लागू द्यावा. आठवड्याची अट घातली की माणूस नकळत बारीक पुस्तकं शोधू लागतो आणि जाडी पुन्हा तिथेच राहतात. गाडीत जे जमलं नाही ते आता जमणार आहे, म्हणून सकाळचा ताजा वेळ जाड पुस्तकाला द्या. रात्री जेवणानंतर कथा, ललित, पत्रं.

काही पुस्तकांचा वेग तर त्यांच्या रचनेतच असतो. दुर्गाबाई भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’त चैत्रापासून फाल्गुनापर्यंत प्रत्येक महिन्यावर एक लेख आहे. तुमच्याकडे ते असेल तर त्या-त्या महिन्यात तो-तो लेख वाचा आणि संध्याकाळी तलावपाळीला फेरी मारताना झाडांकडे बघा. ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे नऊ हजार. रोज पंचवीस म्हटल्या तर वर्षभरात पार पडतात. मात्र अठरावा अध्याय एकटाच अठराशे ओव्यांचा आहे, त्यासाठी दोन-अडीच महिने राखून ठेवा. ही पुस्तकं रांगेत उभी करायची नसतात, इतर वाचनाच्या बाजूने चालू ठेवायची असतात.

सभासदत्व मात्र थांबवू नका, ही माझी कळकळीची विनंती. १८९३ साली स्थापन झालेलं ग्रंथालय आपल्या गावात आहे, आणि या स्थलांतरात त्याचा तुम्हाला फार उपयोग होईल. सूनबाईंचं म्हणणंही त्यातूनच सुटेल. पुस्तकांची यादी करा आणि त्यातली कोणती तिथे मिळतात ते विचारून घ्या. जी हमखास मिळतात ती द्यायला हरकत नाही, हवी तेव्हा आणता येतील. जी छापायची थांबली आहेत, ज्यांवर कुणी सही करून दिलंय, ज्यांच्या समासात तुम्ही किंवा घरातल्या कुणी लिहिलंय, ती एकही देऊ नका. आणि देणगीची पुस्तकं कुठेही नेण्याआधी यादी दाखवा. ग्रंथालयांनाही जागेची अडचण असते, न विचारता नेऊन ठेवलेली पुस्तकं कोपऱ्यात पडून राहतात. मला ते बघवायचं नाही.

बांधाबांध करताना खोकी लहान घ्या, मोठं खोकं भरलं की उचलवत नाही आणि तळ फाटतो. प्रत्येक खोक्यावर आतल्या पुस्तकांची यादी चिकटवा. वर्षभरात जी वाचायची ती दोन खोक्यांत वेगळी ठेवा आणि कोलशेतला पोचल्यावर तीच आधी उघडा.

आता डोळे. बारीक टाइपाच्या जुन्या आवृत्त्या ऑपरेशननंतरच काढा. चष्म्याचा पक्का नंबर साधारण महिना-दीड महिन्याने मिळतो, तोवर डॉक्टर सांगतील तेवढंच वाचा. त्या दिवसांत सूनबाईंना नाटक मोठ्याने वाचायला सांगा. नाटक ऐकायला फार छान लागतं, आणि त्यांनाही कळेल की त्या कपाटात काय काय आहे. कदाचित निम्मी द्यायचा आग्रह त्या स्वतःच सोडतील.

सुरू केलेलं संपवायलाच हवं असं नाही. पन्नास पानं मात्र प्रामाणिकपणे द्या. अनुवादित रशियन कादंबरी असेल तर शंभर द्या, कारण तिथे एकाच माणसाला तीन-तीन नावांनी हाक मारतात आणि सुरुवातीला गोंधळ होतोच. खुणेच्या कागदावर नावं आणि नाती लिहीत गेलात तर हरवणार नाही. तरीही सोडावंसं वाटलं तर का सोडलं ते एका ओळीत लिहून चिठ्ठी त्याच पानात ठेवा. चिठ्ठीवर ‘कंटाळवाणं’ असेल तर ते पुस्तक देऊन टाका. ‘आत्ता झेपत नाही’ असेल तर ठेवा.

प्रश्न : आम्ही ऐरोलीला राहतो. पावसाळ्यात पुस्तकांना दमट वास येतो आणि कसर दिसते. प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून ठेवू का?

– एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : नको. दमट पुस्तक पिशवीत बांधलं की ओल आतच कोंडते आणि बुरशी धरते. कसरीला बांधणीतली खळ आणि डिंक आवडतो, म्हणून ती पुठ्ठ्याच्या आणि पाठीच्या बाजूने खायला लागते. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, म्हणजे मागून हवा खेळेल. पुस्तकं खच्चून भरू नका. पाऊस उघडला की दारं उघडी ठेवा आणि पुस्तकं बाहेर काढून कोरड्या फडक्याने झटका. वाळवायची ती सावलीत, पंख्याखाली, पानं थोडी फाकवून. कडक उन्हात कागद पिवळा आणि ठिसूळ होतो. डांबरगोळ्या ठेवणार असाल तर कपड्यात बांधून, पानांना न टेकवता ठेवा आणि घरात लहान मूल असेल तर अजिबात ठेवू नका. कसर लागलेलं पुस्तक दिसलं की ते आधी इतरांपासून वेगळं करा, मग त्याच्या दोन्ही बाजूंची चार-चार पुस्तकंही उघडून बघा.