डॉक्टर, इंजिनियर, सीए वगैरे लोकांचा शहराच्या कारभाराला खरंच काही उपयोग होतो का?

प्रश्न असा विचारलाय की हे शिकलेसवरले लोक आपापला धंदा-नोकरी सांभाळून शहरासाठी खरंच काही करतात का, की नुसती पेपरात पत्रं पाठवतात, आणि नोकरी करणाऱ्या माणसाने सुरुवात कुठून करावी.

होतो उपयोग. पण ज्याने त्याने आपल्या धंद्यातलं बोललं तरच. डॉक्टर फ्लायओव्हरवर बोलायला लागला आणि आर्किटेक्ट लसीकरणावर, की ती मीटिंग संपली समजा. मी स्वतः बांधकामात एस्टिमेट आणि बिलं तपासायचं काम करतो, साइटवर कोणी आपणहून चहा विचारत नाही असा प्राणी, त्यामुळे हा प्रश्न जरा लागला. उत्तर लांबेल.

मोठी नावं आधी उरकतो. १८९६ ला मुंबईत मांडवीला प्लेग आलाय हे ओळखलं डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी, रोजची प्रॅक्टिस करणारा डॉक्टर आणि म्युनिसिपालिटीचा सभासद, पुढे तिचे अध्यक्षही झाले. मेट्रो सिनेमाजवळ त्यांचा पुतळा आहे, समोरून रोज जाणाऱ्यांना विचारा कोणाचा ते. महात्मा फुले १८७६ पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेत होते, आणि ते स्वतः बांधकामाची कंत्राटं घ्यायचे हे लोक विसरतात, म्हणजे कामाचा खरा खर्च माहीत असलेला माणूस सभागृहात बसला होता. नवी मुंबईची कल्पना १९६५ च्या सुमारास मांडली ती शिरीष पटेल हे सिव्हिल इंजिनियर आणि चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता हे आर्किटेक्ट अशा तिघांनी, सरकारने काम दिलं म्हणून नाही, स्वतःहून. ते शहर वसवायला सरकारने काढलेली कंपनी, सिडको, आली १९७० ला.

आता आमच्या रस्त्याचं सांगतो. शहराचं नाव मुद्दाम देत नाही.

रस्ता काँक्रीटचा झाला आणि त्याच पावसाळ्यात पाणी दुकानांत शिरलं. पिठाची गिरणी, टेलर, झेरॉक्सवाला, सगळे घोटाभर पाण्यात. वळणावर तर आठवडा-आठवडा डबकं. मग सोसायटीच्या हॉलमध्ये नागरिकांची मीटिंग, आणि काय ती मीटिंग! एक डेंटिस्ट सिंगापूर किती स्वच्छ आहे ते सांगत होते, एक निवृत्त प्राध्यापक मतदारांच्या मानसिकतेवर, कोणीतरी जनहित याचिकेच्या गोष्टी करत होतं, आणि नगरसेवक दहावी पास आहे हे प्रत्येकाने एकदा तरी बोलून दाखवलं. (त्या दहावी पास माणसाला वॉर्डातला प्रत्येक पाण्याचा व्हॉल्व्ह कुठे आहे ते अंधारात सांगता येतं, आम्हाला आमच्या बिल्डिंगचा माहीत नव्हता.)

कामाची माणसं चारच निघाली. लहान मुलांच्या डॉक्टरबाई एक शब्द बोलल्या नाहीत, त्यांनी ओपीडीच्या रजिस्टरवरून डेंग्यूची मुलं कुठल्या कुठल्या बिल्डिंगमधून आली तेवढं कागदावर मांडून आणलं होतं, नावं न घालता. बहुतेक खुणा त्या डबक्याच्या भोवती. दुसरा आमचा प्लंबर. त्याला कोणी बोलावलंच नव्हतं, तो हॉलचा नळ दुरुस्त करायला आला होता. ऐकून ऐकून कंटाळला आणि म्हणाला, "दादा, गटाराच्या जाळ्या वर बसवल्यात, पाणी जाणार कसं?" दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने लेव्हल ट्यूब आणली, गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी, एक टोक टेलरच्या मुलाच्या हातात, एक जाळीवर. जाळी रस्त्यापेक्षा दोन बोटं उंच! कोट्यवधीचं काम आणि चूक सापडली शे-दीडशे रुपयांच्या नळीने. प्रोफेशनल म्हटलं की त्याच्यासारखा माणूस आपल्या डोळ्यांसमोर येत नाही, प्रश्न विचारणाऱ्याच्याही आला नसणार.

तिसरी एक नवी वकील मुलगी. प्राध्यापकांनी माहिती अधिकाराचा चार पानी अर्ज लिहून ठेवला होता, तिने तो बाजूला ठेवला, कारण महाराष्ट्राच्या नियमात अर्ज साधारण १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर लागतो. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला आणि कागदांच्या प्रती न मागता फाइल बघायची मागणी केली. पहिला तास फुकट असतो.

त्या तासात माझं काम होतं. एस्टिमेट बघितलं, मग एमबी, म्हणजे मेजरमेंट बुक, झालेल्या कामाची मापं लिहायची वही, ज्यावर बिल निघतं. त्यात आयटम होता जुना रस्ता दीड फूट खोदून माल उचलून नेणे, लांबी-रुंदी-खोली सगळं भरलेलं, पैसे अदा. आता दीड फूट खोदलं असतं तर नवीन रस्ता जुन्याच लेव्हलला बसला असता ना? टेलरच्या दुकानाला तीन पायऱ्या होत्या. दुकानाच्या पूजेचा फोटो त्याच्या मोबाइलमध्ये होता, त्यात तीन दिसतात, बायको तिसरीवर उभी आहे. आता दोन आहेत. एक अख्खी पायरी रस्त्यात गाडली गेलीय. मी तो फोटो एमबीच्या त्या पानाशेजारी ठेवला आणि इंजिनियर साहेबांना विचारलं, पायरी कुठे गेली? साहेब म्हणाले लेव्हल जुळवायला थोडं उचलावं लागतं. म्हटलं चालेल, मग खोदलेला माल कुठल्या गाडीतून कुठे टाकला तेवढी नोंद दाखवा. नोंद नव्हती. साहेबांनी पंखा जरा वाढवायला सांगितला.

उरलेलं बिल थांबलं आणि पुढच्या पावसाआधी जाळ्या खाली बसवल्या. रस्ता काही खाली आला नाही, येणारही नाही, टेलरने उंबरा स्वतःच्या पैशाने बांधला. पण पाणी आता ओसरतं, आणि डॉक्टरबाई म्हणतात त्या कोपऱ्यातून येणारी मुलं कमी झाली. आता ते जाळ्यांमुळेच की फवारणीही वाढली होती म्हणून, हे त्या छातीठोकपणे सांगत नाहीत, हेही मला आवडलं.

आता स्वीकृत, म्हणजे निवडून न येता नेमलेल्या नगरसेवकांबद्दल, कारण हे पद मुळात तुमच्या प्रश्नातल्या लोकांसाठीच आहे. महापालिकेच्या कामाचं विशेष ज्ञान असलेले लोक नेमायचे असा कायदा. २०१२ च्या नियमांत डॉक्टर, इंजिनियर, सीए, वकील, शिक्षणातले लोक असं स्पष्ट लिहिलंय. सोबत सामाजिक संस्थेचे पदाधिकारीही चालतात, आणि सगळं पाणी तिथून मुरतं. निवडणुकीत पडलेला किंवा तिकीट न मिळालेला कार्यकर्ता कुठल्यातरी संस्थेचा पदाधिकारी निघतो आणि आत. आधी ५ जागा होत्या, आता १० पर्यंत केल्यात, मतदानाचा हक्क तसाही नाही. माझं मत विचाराल तर या पदाच्या मागे लागू नका.

आता आमचे साडू. मोठ्या आयटी कंपनीत मॅनेजर आहेत आणि प्रत्येक लग्नकार्यात मला ऐकवतात की तू हे फुकट करतोस म्हणून पालिकेच्या लोकांचं फावतं, टॅक्स भरतो ना आपण, शिकलेल्यांनी एकतर निवडणूक लढवावी नाहीतर गप्प बसावं. अहो, निवडणूक लढवायला वेगळी कातडी लागते, ती माझ्याकडे नाही आणि तुमच्याकडे तर मुळीच नाही. आणि फुकटचं म्हणाल तर पालिकेच्या इंजिनियरचं काम मी केलंच नाही, मी फक्त त्याने लिहिलेलं वाचलं. कोणी वाचणार आहे हे माहीत असलं की लिहिणारा जरा सांभाळून लिहितो, आमच्या धंद्यात हे पोरासोरांनाही कळतं.

सुरुवात कुठून, तर तुमच्या घरासमोर चालू असलेल्या कामापासून. फाइल बघा. माहिती अधिकारात चालू कामाची पाहणी करता येते, मालाचे प्रमाणित नमुनेही मागता येतात, हे बऱ्याच इंजिनियरांनाच माहीत नसतं. मात्र तुमचं पोट पालिकेच्याच ऑफिसवर असेल, म्हणजे नकाशे मंजूर करून घेणारे आर्किटेक्ट, लायसन्सवाले वगैरे, तर पुढे होऊ नका, दुसऱ्याला समजावून सांगा आणि सही त्याची घ्या. एकट्याने जाऊ नका, आणि सरकारी नोकरीत असाल तर आधी तुमचे सेवा नियम बघा. सगळे अधिकारी चोर नसतात हेही लिहायला हवं, त्याच ऑफिसातल्या एका ज्युनियरने एमबीतलं नेमकं पान काढून दिलं म्हणून आमचा तास पुरला.

साडूंच्या सोसायटीबाहेर परवापासून रस्त्याचं काँक्रीट सुरू झालंय. म्हटलं गेटच्या उंबऱ्याचा आत्ताच एक फोटो काढून ठेवा आणि एस्टिमेट मागवा. तर म्हणतात, रविवारी तूच ये ना, जेवायलाच ये.