कागदी प्लेटचा आकाशकंदील: चिमुरड्यांना हाताशी घेताना

पहिल्यांदाच करताय ना, मग आधी प्लेट नीट निवडा. वाढदिवसाच्या उरलेल्या चंदेरी प्लेट नकोत, त्यांच्यावर ना रंग बसतो ना फेव्हिकॉल. साध्या पांढऱ्या, कडेला चुण्या असलेल्या दोन घ्या.

दोन्हींचा मधला गोल आदल्या रात्री तुम्हीच कापून ठेवा. तीन-चार वर्षांच्या मुलांना ते जमत नाही आणि कापताना त्यांचा धीरही सुटतो. त्या भोकावर आतून बटर पेपर चिकटवा. आता मुलांचं काम सुरू: पतंगाचा कागद फाडायचा! बोटाच्या पेराएवढे तुकडे, कसेही वेडेवाकडे. ते बटर पेपरवर एकमेकांवर थोडे चढवून लावू द्या; लालवर पिवळा आला की दिवा लागल्यावर तिथे केशरी दिसतो, आणि पोरं हरखतात. फेव्हिकॉल वाटीत जरासं पाणी घालून ब्रशने लावायचा. जास्त झाला तर कागदाचा लगदा होतो. रंग बोटांना लागतोच, तेव्हा जुने कपडे घाला. वेडावाकडा तुकडा मागाहून गुपचूप सरळ करू नका, त्यांना बरोब्बर कळतं!

वाळल्यावर दोन्ही प्लेट तोंडाला तोंड लावून जोडा, खालच्या कडेत क्रेपच्या झिरमिळ्या अडकवा. कडा धरून ठेवायला कपड्यांचे चिमटे उत्तम. वर चार बोटं जागा मोकळी सोडा, तिथून सेलवरची एलईडी माळ आत जाते. पणती मात्र अजिबात नको.