मुलांशिवाय ऑरलँडोला जाताय? ती एक्सेल शीट आधी बंद करा

तुम्हा दोघांच्या ऑरलँडो सहलीच्या वेळापत्रकाची शीट पाहिली. सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत पंधरा-पंधरा मिनिटांचा हिशेब! अहो, सुट्टी आहे की लग्नाचा मुहूर्त? पहिल्या वेळी आम्हीही हेच केलं आणि तिसऱ्या दिवशी एकमेकांशी बोलेनासे झालो.

ऑरलँडोजवळच्या डिस्ने वर्ल्डमध्ये चार थीम पार्क आहेत. चारही उरकायचा हट्ट सोडा. सोबत लहान मूल नाही, तर त्यातल्या एपकॉटला अख्खी दुपार द्या. तिथे तळ्याभोवती 11 देशांची दालनं आहेत, साधारण 2 किलोमीटरचा फेरा. मेक्सिकोच्या पिरॅमिडमध्ये कायम संध्याकाळ असते, उन्हाचं तिथेच टेका. जपानच्या दुकानात तासभर सहज जातो. मग स्कायलायनर या रोपवेच्या पाळण्यात बसा, फुकट आहे. फक्त विजा चमकल्या की तो थांबतो, आणि उन्हाळ्यात फ्लोरिडात दुपारची गडगडाटी सर नेहमीचीच.

एखादं चांगलं जेवण आधी बुक करा, बास. ॲनिमल किंगडम या दुसऱ्या पार्कमध्ये एव्हरेस्टच्या रोलर कोस्टरला एकट्यांची वेगळी रांग असते. शेजारी बसायचा आग्रह नसेल तर बराच वेळ वाचतो. बायकोला विचारून ठरवा मात्र.