वडिलांना हार्ट फेल्युअर सांगितलंय, ईएफ ३० आहे. म्हणजे ७० टक्के हृदय निकामी झालं का?

वडील ६३ वर्षांचे, चार पायऱ्या चढल्या की दम लागतो, पायांना सूज आणि इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) ईएफ ३०, असं तुम्ही लिहिलंय. सात वर्षांपूर्वी आईच्या फाइलवर 'हार्ट फेल्युअर' वाचून मी हॉस्पिटलच्या जिन्यातच बसलो होतो. मी डॉक्टर नाही. आईच्या गोळ्यांचा डबा भरता भरता आणि डॉक्टरांना विचारून विचारून जे समजलं ते सांगतो.

आधी तो आकडा. ईएफ म्हणजे शंभरपैकी मिळालेले गुण नव्हेत. हृदयाचा डावा खालचा कप्पा रक्ताने भरला की त्यातलं किती टक्के एका ठोक्यात बाहेर पडतं, एवढंच त्यातून कळतं. धडधाकट माणसाचाही कप्पा पूर्ण रिकामा होत नाही. साधारण ५५ ते ७० टक्के रक्त बाहेर जातं. म्हणजे वडिलांचे ३० मोजायचे ते साठाच्या आसपासच्या आकड्याशी, शंभराशी नाही. निम्म्यावर आलंय, गंभीर आहेच, पण ७० टक्के हृदय मेलं हा हिशोब चुकीचा. आणि 'फेल' म्हणजे बंद पडलंय असंही नाही. पंप चालू आहे, जोर कमी पडतोय, म्हणून मागे पाणी तुंबतं. फुप्फुसांत तुंबलं की दम, पायांत उतरलं की सूज. (काहींचा ईएफ ५०च्या वर असूनही हाच आजार असतो. त्यांचं हृदय ताठर झालेलं असतं, नीट भरतच नाही.)

आईचं निदान उशिरा झालं. रात्री आडवी झाली की खोकला यायचा. एका उशीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन, शेवटी ती खुर्चीत बसून झोपायला लागली. जवळच्या दवाखान्यात दोन महिने दमा म्हणून पंप आणि वाफ चालली. मग नडगीवर बोट दाबलं तर खड्डा पडून तसाच राहायला लागला, तेव्हा शहरात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी आधी तिच्या मानेची फुगलेली शीर पाहिली, मग छातीला स्टेथोस्कोप लावला. ईसीजी, एक्स-रे आणि एनटी-प्रोबीएनपी नावाची रक्ततपासणी झाली. हृदयावर ताण आला की हा पदार्थ रक्तात वाढतो. तो अगदी कमी निघाला तर दम लागण्याचं कारण बहुधा दुसरं असतं. मात्र वय आणि किडनीच्या आजारानेही तो वाढतो, म्हणून शिक्का बसतो तो इकोनंतर. आईचा ईएफ २८ आला. पुढे कारण शोधायला अँजिओग्राफी केली, रक्तवाहिन्या मोकळ्या निघाल्या. वर्षानुवर्षं अंगावर काढलेलं बीपी नडलं, असं डॉक्टरांचं मत पडलं. वडिलांची अँजिओग्राफी झाली नसेल तर जरूर विचारा, कारण ब्लॉकेज असेल तर उपचार बदलतात.

औषधांत लघवीच्या गोळीने सूज आणि दम आठवड्याभरात उतरतो, त्यामुळे घरच्यांना तीच खरी वाटते. पण आयुष्य वाढवण्याचं काम मुख्यतः बाकीच्या चार गोळ्या करतात: बिसोप्रोलॉल किंवा मेटोप्रोलॉलसारखा बीटा ब्लॉकर, सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन, स्पायरोनोलॅक्टोन आणि डापाग्लिफ्लोझिन. शेवटच्या गोळीवर आमच्याकडे गोंधळ झाला. "आईंना शुगर नाही, मग शुगरची गोळी कशाला?" म्हणून मेडिकलवाल्याने मलाच उलट विचारलं. मधुमेह नसलेल्यांच्या हृदयालाही तिचा फायदा होतो, हे २०१९च्या मोठ्या चाचणीत दिसलं होतं. डोस थोड्यापासून सुरू करून हळूहळू वाढवतात. मध्ये चक्कर येते, गळून गेल्यासारखं वाटतं. मनाने बंद करू नका, फोन करा. क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारं) आणि पोटॅशियमची रक्ततपासणी मात्र चुकवू नका. जुलाब-उलट्या झाल्या किंवा कडक उपास असेल तर त्या दिवसांत कोणत्या गोळ्या थांबवायच्या, हे आत्ताच लिहून घ्या.

दीड वर्षाने आईचा ईएफ ४८ झाला आणि आम्ही शहाणपणा केला. "आता बरी आहे," म्हणून गोळ्या निम्म्यावर आणल्या. चार महिन्यांत पुन्हा तीन उशा. नंतर कळलं, की ब्रिटनमध्ये ट्रेड-एचएफ नावाच्या चाचणीत, हृदय सुधारलेल्या लोकांची औषधं डॉक्टरांच्या देखरेखीखाली बंद केली होती, तरी त्यांच्यातल्या ४४ टक्के लोकांचा आजार सहा महिन्यांत उलटला.

घरात एक वजनकाटा आणा. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन करून वहीत लिहायचं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ती चरबी नसते, पाणी असतं. सूज दिसण्याआधीच काटा सांगतो. मिठाबद्दल आमची मोठी चूक म्हणजे सैंधव. तेही सोडियमच. 'लो सोडियम' मिठात पोटॅशियम असतं, स्पायरोनोलॅक्टोन चालू असताना ते धोक्याचं. लोणचं, पापड, फरसाण याबद्दल भांडणं होतील, ती होऊ द्या. गुडघे दुखले म्हणून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेऊ देऊ नका, त्याने अंगात पाणी साठतं. पाण्यावर बंधन सगळ्यांनाच लागत नाही, तुमच्या डॉक्टरांना विचारा.

आडवं होताच येत नाही, गुलाबी फेस येतो, शुद्ध हरपते, यांतलं काही झालं तर सकाळची वाट न पाहता १०८ला फोन करा.

गोळ्या पुरेशा डोसवर पोचल्यावर साधारण तीन महिन्यांनी पुन्हा इको होईल. तोवर ईएफ ३५च्या वर गेला नाही, तर आयसीडी नावाच्या यंत्राचा विषय निघेल. धोकादायक ठोके सुरू झाले तर ते आतूनच झटका देऊन सावरतं. आईवर ती वेळ आली नाही. परवा तिच्या वहीत ५४.२ किलो होतं.