"आपल्याकडं लपवायला काय हाय?" म्हणणाऱ्या वडिलांना काय सांगायचं

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वडील कोरेगावकडं गावी एकटे, वय ६४, नवीन फोन घेतलाय, जो मागेल त्याला आधारचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून देतात, तुम्ही पुण्यातनं फोनवर ओरडता आणि ते म्हणतात "आपण शेतकरी माणसं, आपल्याकडं लपवायला काय हाय?" वर सरकार मधेमधे नेट बंद करतं ते बरोबरच करतं असंही त्यांचं म्हणणं. आणि शेवटी तुम्ही विचारलंय की कायदा काय म्हणतो, आणि मीच जास्त ताणतेय का. नाही ताणत. पण तुम्ही त्यांना हॅकर, डेटा, प्रायव्हसी असं काय काय सांगताय ते त्यांच्या डोक्यावरनं जातंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी सांगलीत मारुती चौकाच्या बाजूला १७ वर्षं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान चालवतोय. उत्पन्नाचा दाखला, कॉलेजचं ॲडमिशन, पीकविमा, पॅनकार्ड, सगळं करतो. म्हणजे तुमचे वडील ज्याला फोटो पाठवतात तो माणूस मीच, गाव वेगळं एवढंच. त्यामुळं पलीकडच्या बाजूला त्या फोटोचं काय होतं ते मी रोज बघतो.

जुलै २०२४ आठवा, लाडकी बहीण योजनेचे फॉर्म सुरू झाले तो महिना. सकाळी आठला शटर उघडायच्या आधी बायका पायरीवर बसलेल्या असायच्या, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक. कुणाच्या पोरानं फोटो काढून आमच्या दुकानाच्या नंबरवर टाकलेले, कुणाचे आम्हीच काढलेले. दुकानाच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप वेब दिवसभर चालू, आलेलं सगळं डाउनलोड फोल्डरमध्ये जाऊन पडायचं, फॉर्म भरला की बाई गेली, फाइल तिथंच. पुढची बाई. त्या गर्दीत फाइल डिलीट करायचं कुणाच्या डोक्यात यायचं नाही.

दिवाळीच्या साफसफाईत कॉम्प्युटर फारच अडकायला लागला म्हणून बघितलं तर सी ड्राइव्हची पट्टी लाल झालेली. डाउनलोड फोल्डर उघडला, सहा हजारांच्या वर फाइल्स. सगळ्यांची नावं सारखीच, पुढं फक्त तारीख. मी मोठे आयकॉन करून खाली खाली जात राहिलो, नुसते चेहरे, आधारकार्डं, पासबुकाचं पहिलं पान, कुणाच्या मुलाचा जातीचा दाखला, आणि मधेच एका बाईचा सोनोग्राफीचा रिपोर्ट जो कधीतरी विम्याच्या क्लेमसाठी प्रिंट काढायला पाठवला असेल. ती बाई आमच्याच पेठेत राहते, मला रस्त्यात नमस्कार करते. तिचा तो रिपोर्ट सात-आठ महिने माझ्या दुकानात उघडा पडला होता आणि त्या कॉम्प्युटरचा पासवर्ड दुकानात काम करणाऱ्या तिन्ही पोरांना माहिती होता. मी कुणाचं वाईट करणारा माणूस नाही ताई, पण त्या दिवशी मला घाम फुटला. सगळं डिलीट केलं, रिसायकल बिनसुद्धा रिकामं केलं, आणि तेव्हापासून नियमच केलाय की गिऱ्हाइकासमोर फाइल डिलीट करायची आणि त्याला दाखवायची.

खरं तर मला आधीच शहाणपण यायला पाहिजे होतं, कारण त्याच वर्षी मे महिन्यात दुसरी एक गोष्ट घडलेली. माझ्याकडं कामाला असलेल्या एका पोरानं नर्सिंगच्या ॲडमिशनला आलेल्या मुलीचा नंबर फॉर्मवरनं उचलला आणि रात्री अकरा-बारा वाजता तिला मेसेज करायला लागला. चौथ्या दिवशी तिचे वडील आले. भांडले नाहीत, आवाज चढवला नाही, काउंटरवर फोन ठेवला, मेसेज दाखवले आणि एवढंच म्हणाले, "हे सिम आम्ही ॲडमिशनसाठी नवीन घेतलंय, तुमच्या दुकानाशिवाय कुठं नंबर दिलेला नाही." मला मान वर करता आली नाही. पोराला त्याच दिवशी काढला, दोघं त्यांच्या घरी जाऊन माफी मागून आलो. पण मुलीला नंबर बदलावाच लागला, आणि ॲडमिशनचा ओटीपी जुन्या नंबरवर जात असल्यामुळं तो बदलून घ्यायला त्या बिचाऱ्यांना तीन हेलपाटे पडले.

आता त्या मुलीकडं लपवायला काय होतं? फक्त फोन नंबर होता. तिचं काही चुकलं नव्हतं, तिनं कामापुरता नंबर दिला आणि तो कामाबाहेर गेला, माझ्या दुकानातनं गेला. वडिलांना हे सांगा.

आणि दुसरं म्हणजे त्यांच्याच भाषेत सांगा. आपल्याकडं म्हातारी माणसं काय सांगून गेली, कोऱ्या कागदावर अंगठा द्यायचा नाही. आजोबांच्या काळात सावकारानं असेच अंगठे घेऊन जमिनी खाल्ल्या, हे तुमच्या वडिलांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहिती असणार. तेव्हाही त्या शेतकऱ्याकडं लपवायला काही नव्हतंच की. आधारचा फोटो कारण न विचारता पाठवणं म्हणजे कोऱ्या कागदावरचा अंगठाच, आणि हे मी उगं उपमा म्हणून सांगत नाही. तेलंगणात २०१८ साली एक प्रकरण पोलिसांनी पकडलं होतं, नोंदणी खात्याच्या वेबसाइटवरनं जमिनीचे दस्त उतरवून घेतले, त्यावरच्या अंगठ्यांवरनं रबराचे ठसे बनवले आणि त्या ठशांवर दुसऱ्यांच्या नावानं सिमकार्डं चालू केली. गावात बँकमित्राच्या मशीनवर पैसे काढतो तिथं तर आधार नंबर, बँकेचं नाव आणि अंगठा एवढंच लागतं, पिन नाही, ओटीपी नाही. म्हाताऱ्या माणसांना हे सोयीचं आहे हे मला मान्य आहे, माझी आई तसेच पैसे काढते. पण मग तो नंबर आणि तो अंगठा दोन्ही जपून ठेवायला नकोत का?

मी डिजिटलच्या विरोधात आहे असं कृपा करून समजू नका, उलटं आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५ फूट आहे. आमच्या दुकानात माळ्यापर्यंत पाणी होतं. पाणी उतरल्यावर लोक चिखलानं चिकटलेली रेशनकार्डं, मार्कशीटं उन्हात वाळत घालत होते, एका मास्तरांनी सर्व्हिस बुकाची पानं दोरीवर चिमट्यानं लावलेली मी बघितली. ज्याच्या मेलमध्ये नाहीतर डिजिलॉकरमध्ये कागद होते त्याची भरपाईची कामं पटापट झाली. तेव्हापासून मी प्रत्येकाला डिजिलॉकर काढून देतो. कागद फोनमध्ये असणं वेगळं आणि गावभर असणं वेगळं.

कायद्याचं विचारलंय म्हणून थोडक्यात. ऑगस्ट २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, आणि सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात सांगितलं की सिमकार्डाला आणि बँक खात्याला आधार जोडायची सक्ती करता येणार नाही. तरीपण अजून "आधारशिवाय होणार नाही" म्हणून बिनधास्त सांगणारे काउंटर आहेतच. डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ ला झाला, त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडलं, आणि त्यातल्या मुख्य बंधनांना पुढं १८ महिन्यांची मुदत. शिवाय सरकारला आपल्याच यंत्रणांना त्यातनं सूट देता येते, ही गोष्ट मला पटत नाही. जो सगळ्यात जास्त कागद मागतो त्यालाच सूट कशी काय?

आता नेटबंदी. इथं मी वडिलांशी पूर्ण भांडणार नाही, त्यांची काळजी खरी आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये पुसेसावळीची दंगल झाली, माणूस मेला, सुरुवात सोशल मीडियावरच्या पोस्टवरनंच झाली होती, आणि अख्ख्या सातारा जिल्ह्याचं इंटरनेट बंद केलं. आग लागलेली असताना एक रात्र बंद ठेवलं तर समजू शकतो. पण माझ्या मेहुण्याचं कराडला मेडिकल आहे, त्याच्याकडं गिऱ्हाईक बीपीच्या गोळ्या घ्यायला आलं की फोन पुढं करायचं आणि पैसे काही जायचे नाहीत, खिशात रोख नाही. त्यानं जुनी उधारीची वही बाहेर काढली. अफवा थांबल्या का म्हणाल तर त्याचं म्हणणं असं की उलट जास्त पसरल्या, कारण साधे फोन चालू होते, प्रत्येकजण पावण्याला फोन करून ऐकीव सांगत होता आणि खरं काय ते बघायला कुणाकडं काही साधन नव्हतं. जानेवारी २०२० ला काश्मीरच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की नेटबंदीचे आदेश लोकांसमोर प्रसिद्ध करा आणि बेमुदत बंदी चालणार नाही. २०२४ च्या नियमातही एका आदेशाची मुदत १५ दिवसांच्या वर जात नाही आणि कारण लेखी द्यावं लागतं. माझं मागणं एवढंच असतं, कशासाठी, कुठल्या भागात, कधीपर्यंत, हे आधी सांगा. आपण शेजाऱ्याला खोरं-पाटी दिली तरी विचारतो की परत कधी देणार.

संचार साथी म्हणून सरकारच्या दूरसंचार खात्याची साइट आणि ॲप आहे, त्याचं पण असंच झालं. ती साइट मी रोज वापरतो, आपल्या नावावर किती सिम आहेत ते त्यात दिसतं, माझ्या आईच्या नावावर चार निघाली, त्यातलं एक आमच्यापैकी कुणाचंच नव्हतं, तिथनंच तक्रार करून बंद केलं. इतकी उपयोगाची गोष्ट. पण २०२५ च्या शेवटी तेच ॲप प्रत्येक नवीन फोनमध्ये आधीच टाकून द्यायचा आदेश कंपन्यांना काढला तेव्हा मी विरोधात होतो, लोकांनी पण ओरड केली आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच तो मागं घेतला. चांगली वस्तू असेल तर लोक आपणहून घेतात, माझ्या दुकानातच कितीतरी जणांना मी दाखवली आणि त्यांनी घेतली.

तर पुढच्या वेळी गावी गेलात की वडिलांवर न ओरडता अर्धा तास बसा त्यांच्याजवळ. पहिलं काम, आधारच्या साइटवरनं मास्क्ड आधार डाउनलोड करा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, लॉजवर, कुरिअरला, असल्या ठिकाणी तेच द्यायचं. तो फोटो त्यांच्या गॅलरीत वेगळा ठेवा आणि आधीचे पूर्ण नंबरवाले फोटो काढून टाका, व्हॉट्सॲपवर पाठवलेले पण. झेरॉक्स द्यायचीच असली तर त्यावर आडवं लिहायचं, "फक्त पीककर्जासाठी", तारीख, सही. अक्षर चेहऱ्यावर नको पण नंबरच्या जवळनं जाऊ दे. हे करायला वडिलांना लाज वाटेल, समोरचा काय म्हणेल असं वाटतं त्या पिढीला. तेव्हा सांगा की मी स्वतः झेरॉक्सवाला असून सांगतोय, ज्याचा हेतू सरळ आहे तो काही म्हणत नाही.

दुकानात फॉर्म भरला की तिथंच उभं राहून फाइल डिलीट करायला सांगायची. सरळ म्हणायचं, "भाऊ, माझं तेवढं काढून टाका." पैसे गेलेच कधी तर तुमच्या फोनची वाट न बघता आधी १९३० ला फोन करायचा, हा नंबर कपाटाच्या दारावर मोठ्या अक्षरात चिकटवा. कर्ज देणारी ॲपं असतील तर काढा, बाकी ॲपांच्या परवानग्या तुम्हीच बघून घ्या, त्यांना त्यात गुंतवू नका, कंटाळतील.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, आधारचं बायोमेट्रिक, म्हणजे अंगठ्यावरनं होणारी ओळख, लॉक करून टाका, आधारच्या ॲपमधनं दोन मिनिटात होतं, मग अंगठ्याचा ठसा कुणी बनवला तरी चालत नाही. फक्त एक लक्षात ठेवा, रेशनला अंगठा लागतो, त्या दिवशी ते थोड्या वेळापुरतं उघडावं लागतं. माझ्या आईचं मी लॉक केलं आणि तिला सांगायचं राहून गेलं, ती उन्हात तासभर रांगेत उभी राहून रिकामी पिशवी घेऊन परत आली. तेव्हा वडिलांचं रेशन कुठल्या तारखेला मिळतं ते आधी विचारा आणि तुमच्या फोनमध्ये त्या दिवसाचा गजर लावा.