शेवट आधीच कळलेला असतो, तरी लोक हलकीफुलकी रोमँटिक कॉमेडी का बघतात?

पोस्टर बघूनच कोण कोणाचं होणार ते कळतं, मग दोन तास घालवायचे कशाला, असं तुम्ही विचारलंय. मला वाटतं, शेवट ठाऊक असणं ही इथे उणीव नाहीच, सगळा डोलारा त्याच्यावरच उभा आहे. तीनतालात सोळा मात्रा संपल्या की सम, म्हणजे पुन्हा पहिली मात्रा, येणार हे श्रोत्याला पक्कं माहीत असतं. दाद मिळते ती गायक तिथे कसा येतो त्याला.

सांगाडा तर जुनाच. शंभरेक मिनिटांचा चित्रपट धरला, तर पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत दोघांची गाठ पडते, बहुतेक वेळा खटका उडूनच. निम्म्यावर जवळीक, पाऊण चित्रपट झाला की फाटाफूट, शेवटी धावाधाव. फ्रँक काप्राच्या १९३४ सालच्या ‘इट हॅपन्ड वन नाइट’मध्येही एकमेकांवर खेकसणारी जोडी आणि प्रवासात विरघळत जाणारी अढी आहेच. त्याला ऑस्करची पाचही प्रमुख पारितोषिकं मिळाली होती, म्हणजे ‘टाइमपास’ म्हणून नाक मुरडायचं कारण नाही.

प्रेम आहे हे पात्रांच्या आधी आपल्याला कळलेलं असतं, आणि खरी गंमत तिथे आहे. समजा ती दुसऱ्या शहरात नोकरीला निघाली आहे. तो म्हणतो, “बरंच झालं की, चांगली संधी आहे.” इथे दृश्य लगेच तोडायचं नसतं. कॅमेरा आणखी दोन सेकंद त्याच्यावर थांबतो. तो कॉफीचा कप तोंडाला लावतो आणि कप रिकामा आहे हे आपण मघाशीच पाहिलेलं असतं. आपण हसतो आणि जरासं वाईटही वाटतं. याचं तिच्यावर प्रेम आहे की नाही या कोड्यात आपण अडकलो असतो, तर त्या कपाकडे लक्षच गेलं नसतं.

असे चित्रपट बघताना चौकटींकडेही, म्हणजे पडद्यावर एका वेळी कोण कोण दिसतं त्याकडेही, लक्ष द्या. सुरुवातीला दोघं वेगवेगळ्या शॉटमध्ये असतात, आलटून पालटून. जवळीक वाढते तशी दोघं एकाच चौकटीत येऊ लागतात, आणि भांडण झालं की पुन्हा सुटी होतात. विनोदाला बहुधा मोकळी चौकट लागते, कारण बोलणाऱ्याइतकंच ऐकणाऱ्याचं तोंड बघण्यासारखं असतं. काही दिग्दर्शक सतत क्लोज-अप लावतात आणि चांगल्या अभिनेत्यांचेही विनोद वाया घालवतात.

फसतं ते बहुतेक वेळा फाटाफुटीच्या जागी. एका फोनने मिटेल असा गैरसमज वीस मिनिटं ताणला की प्रेक्षक वैतागतो, कारण पात्रं मूर्ख वाटायला लागतात. अडचण स्वभावातूनच यायला हवी. ‘व्हेन हॅरी मेट सॅली’ (१९८९) मध्ये अडथळा मैत्रीचाच आहे: जे जोडून ठेवतंय तेच गमवायची भीती. गंमत म्हणजे आधी त्या दोघांना वेगळं ठेवायचं ठरलं होतं, शेवट नंतर बदलला. तरीही तो चिकटवल्यासारखा वाटत नाही.

दुसरी हमखास चूक म्हणजे नायिकेचा आधीचा होणारा नवरा अगदीच नालायक दाखवणं. मग हिला तो आवडलाच कसा, असा प्रश्न पडतो आणि नायिकेच्याच अकलेवर शंका येते. तो बरा माणूस असला, फक्त तिच्यासाठी नसला, तर तिच्या निर्णयाला वजन येतं. (नायकाच्या विनोदी मित्राबद्दल फार बोलत नाही, नायकाला जे कबूल करता येत नाही ते मोठ्याने बोलायला तो ठेवलेला असतो.)

शिवाय दमून आल्यावर डोक्याला ताप नको असतो. कोणी मरणार नाही आणि कोणी कोणाला कायमचं फसवणार नाही, एवढी हमी असली की माणूस लहानसहान गोष्टींकडे निवांत बघतो. म्हणून हे चित्रपट दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदाही चालतात.

कोणता बघायचा हे ठरवायला पहिली पंधरा मिनिटं पुरतात. पुढची घटना ओळखता आली तर खुशाल बघत राहा. पण पुढचं वाक्यसुद्धा पात्राच्या आधी तुमच्याच तोंडून निघायला लागलं, तर बंद करून दुसरा लावा.